उजेड तपासणारा मेहुणा

दिवा लागला की माणसाला बरं वाटतं, असा माझा साधा समज होता. तो माझ्या मेहुण्यानं पार मोडीत काढला. दिवा लागल्याबरोबर ज्याचा चेहरा पडतो असा अख्ख्या सातारा-सांगली पट्ट्यातला हा एकमेव माणूस असावा, आणि तो माझ्याच बायकोचा सख्खा धाकटा भाऊ निघाला. साताऱ्याला आमच्या घरी आला की चपला काढायच्या आधी तो वर बघतो. खिशातून एक हिरवा आणि एक पिवळा बेदाणा काढतो, दोन्ही तळहातावर घेऊन दिव्याखाली धरतो आणि कुणी गेल्याची बातमी द्यावी तशा आवाजात सांगतो, "दाजी, ह्यो दिवा लबाड हाय." मग पाणीसुद्धा न पिता स्टूल मागतो. आमच्या घरातले सगळे दिवे त्यानं बदलून झाले आहेत, काही तर नवे असताना. एकदा शेजाऱ्यांकडच्या साखरपुड्याला नेला, तर ऐन अंगठी घालायच्या वेळी तो नवऱ्या मुलीला म्हणाला, जरा गॅलरीत उन्हात चला, शालूचा खरा रंग बघू. तेव्हापासून आम्ही त्याला समारंभाला नेत नाही.

एका जागी बसण्याशी तर त्याचं जुनं वैर. तोंडात घास असताना उठतो, बोलता बोलता गच्चीवर जातो आणि वाक्याचा उरलेला भाग वरून ऐकू येतो. घर तासगावजवळ, वडिलांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, द्राक्षबाग आणि बेदाण्याची शेड. हा सांगलीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्रात पीएचडी करत होता. विषय काय, असं त्याला विचारणाऱ्याची त्या दिवसाची कामं बुडाली म्हणून समजावं. माझी इतक्यांदा बुडाली आहेत की तो विषय आता मीही सांगू शकतो. बाजारातला पांढरा एलईडी मुळात निळा असतो. त्यावर पिवळा लेप देऊन पांढऱ्याचं सोंग आणतात, म्हणून त्या उजेडात रंग फसवतात. ह्याला एक असा स्फटिक करायचा होता की ज्याच्या पोटात डोळ्याला न दिसणाऱ्या असंख्य खोल्या असतील. त्या खोल्यांत रंगाचे कण बसवायचे, कुठे तांबडा, कुठे हिरवा, कुठे पिवळा, आणि त्या भुकटीचा लेप निळ्या दिव्यावर द्यायचा, की उन्हासारखा उजेड पडला. मात्र एका खोलीत एकच कण. दाटी झाली की ते एकमेकांना विझवतात. हा नियम त्यानं माणसांनाही लावला. आमच्या सोफ्यावर तिघं बसलेले दिसले की तो मधल्याला उठवतो. एका बारशात सख्ख्या आत्याला त्यानं असं सारखं उठवलं, ती अजून त्याच्याशी बोलत नाही.

सासऱ्यांना आम्ही सगळे आप्पा म्हणतो. माणूस कमी बोलणारा. पोराला शिरवळच्या एका दिव्यांच्या कारखान्यात पक्की नोकरी चालून आली आणि पोरगा नको म्हणू लागला, तेव्हा ते बोलले. शेडमध्ये बायका बेदाणा रंगावरून निवडतात, आणि ते काम दिवसाच होतं; सांज झाली की हिरवा कुठला नि पिवळा कुठला, कळत नाही. आप्पा म्हणाले, "तुझ्या दिव्याखाली सांजच्याला माल निवडू दे. सकाळी उन्हात त्यो तसाच दिसला, तर लागंल तेवढं शीक. न्हाई दिसला तर शिरवळ." अट रास्त होती. मेहुणा ती ऐकताना उभाच होता, आणि ऐकून झाल्यावर लगेच सांगलीच्या एसटीला पळाला.

त्या एप्रिलात मीही सासुरवाडीला होतो. भुकटी तयार होती. रंग भरायच्या आधी तिच्या खोल्या तापवून रिकाम्या कराव्या लागतात, आणि कॉलेजच्या भट्टीत ह्याची पाळी काही येईना. शेवटी त्यानं भुकटीची बशी आप्पांच्या शेडमध्ये, पत्र्याखालच्या, बेदाणा वाळवायच्या सगळ्यात वरच्या जाळीवर ठेवली. उन्हाळ्यात तिथं हात धरवत नाही. मग तो दिव्याच्या तारा आणायला तासगावला गेला आणि दुपारी आभाळ भरून आलं. दमट हवेत बेदाणा काळा पडतो, म्हणून आप्पांनी घाईघाईनं शेडला चारी बाजूंनी प्लॅस्टिक लावलं आणि आत रंग टिकवणारी गंधकाची धुरी दिली. मेहुणा परतला तेव्हा धुरी ऐन भरात होती. तो शेडभोवती फेऱ्या मारायला लागला. प्लॅस्टिकला हात लावायचा, मागं यायचा, पुन्हा फेरी. मी म्हटलं, बस की जरा. बसला नाही, पण त्याचं न बसणं कुणाला नवं नव्हतं.

दोन-तीन दिवसांनी दिवा लागला तो निळसर, आजारी. बायकांनी त्याखाली निवडलेला हिरव्या मालाचा ढीग सकाळी उन्हात निम्मा पिवळा निघाला. आप्पांनी मूठभर उचलून पाहिला आणि परत ठेवला. रिकाम्या खोल्यांत रंगाच्या आधी गंधकाचा धूर राहायला आला होता, हे मेहुण्यानं आम्हाला दुसऱ्या कुणाच्या दिव्याबद्दल सांगावं तसं सांगितलं. नवी भुकटी करायला महिने लागणार होते आणि कारखाना थांबायला तयार नव्हता.

रुजू व्हायच्या आदल्या दिवशी बापलेक आमच्याकडे मुक्कामाला आले. सकाळी मी दोघांना साताऱ्याच्या स्टँडवर सोडायला गेलो. मेहुणा शिरवळला जाणार, आप्पा तासगावला परतणार. मेहुणा तिथंही फलाटावर फेऱ्या मारत होता. मग आप्पांनी विचारलं, "धुरी चालली हुती तवा बोलला का न्हाईस? बशी काढली असती की."

"प्लॅस्टिक उघडलं असतं तर धूर गेला असता, आप्पा. सगळी शेड काळी पडली असती."

आप्पांनी टोपी काढली, तिनंच तोंड पुसलं आणि पुन्हा डोक्यावर ठेवली. मला त्या पोराचा फार अभिमान वाटला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. तेवढ्यात शिरवळवरून जाणारी पुण्याची गाडी लागली. मेहुणा चढला. त्याच्या मागोमाग, तासगावची गाडी पलीकडे उभी असताना, आप्पाही चढले. कंडक्टरनं कुठं म्हणून विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "ह्यो जाईल तितं."