संबळाच्या तालावर सुटलेलं रडणं

आमची पहिली मुलगी पाच महिन्यांची होऊन तापाने गेली आणि त्यानंतर मला रडूच येईना. आम्ही तेव्हा लोणावळ्याला रेल्वेच्या चाळीत राहत होतो. मी स्वयंपाक करायची, पाणी भरायची, कुणी काही विचारलं तर उत्तर द्यायची; पण छातीवर पाटा ठेवल्यासारखं वाटायचं. सासूबाई वराळ्याहून आल्या आणि मला बघून ह्यांना म्हणाल्या, "मंगळवारी हिला कार्ल्याला नेते. माज्या बहिनीच्या घरी देवीची गानी हायेत."

ह्यांचा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. तरी ते नको म्हणाले नाहीत.

सासूबाईंच्या बहिणीच्या पडवीत दहा-बारा बायका बसल्या होत्या. एक म्हातारे गोंधळी संबळ वाजवत होते. एकीने देवीचं नाव उचलायचं, बाकीच्यांनी झेलायचं. तेच चार शब्द, पुन्हा पुन्हा. तासभर बसायचं नि परत जायचं, असं मी ठरवलं होतं. पण हळूहळू शब्द कळेनासे झाले आणि ताल पोटात वाजू लागला. शेजारची बाई घुमत होती. तिच्याबरोबर मीही घुमतेय, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा थांबता आलं असतं. थांबावंसं वाटलं नाही.

पुढचं तुटक आठवतं. केस सुटले होते. जमीन जवळ यायची, लांब जायची. दूर कुणी बाई ओरडून रडत होती आणि मला तिची फार दया येत होती. मग ताल सैल झाला, तेव्हा कळलं, ते रडणं माझंच होतं.

सासूबाईंनी पाणी पाजलं. बायका माझ्या पाया पडू लागल्या, तशी मी संकोचले. गोंधळीआबांना विचारलं, "खरंच देवी आली होती का?"

"त्ये मी कसं सांगू, पोरी? मी तुजा श्वास बघून वाजवीत हुतो. श्वास चढला, तसा हात चढवला. रडाया लागलीस, तवा म्हनलं, आता हिला हळू खाली आनावं."

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "काय झालं तिथं?"

"रडले," मी म्हटलं.

त्यांनी मला पाण्याचा तांब्या दिला. मग म्हणाले, "पुरुषांना बसू देतात का?"

पुढच्या मंगळवारी त्यांनी रजा काढली. त्या दिवशी माझ्या अंगात काहीच आलं नाही. माझं सगळं लक्ष ह्यांच्याकडे होतं. ते शेवटपर्यंत ताठ बसून राहिले. पण मळवली स्टेशनकडे चालताना, भातखाचरांच्या बांधावर, ते आपणहून मुलीबद्दल बोलू लागले. मी झोपल्यावर ते तिला खांद्यावर घेऊन चाळीच्या गॅलरीत फिरायचे, गाडीचा आवाज आला की ती मान वर करायची. हे मला ठाऊकच नव्हतं. आम्ही बांधावरच बसलो. एक गाडी गेली, ती आम्ही जाऊ दिली.