दोर्कासचा बंद पट्टा

माझी थोरली चुलतबहीण दोर्कास फार समाधानी बाई, असं आमच्या बेटावरच्या गावात अजून सांगतात. सांगणाऱ्यांचं काय जातंय! समाधान दुसऱ्याचं असलं की स्वस्तात पडतं.

ती तशी होती, हे मी नाकारत नाही. नवरा समुद्रात गेला, मूलबाळ नाही. सागूच्या पिठाचा पापेदा, सोबत मासळीचं आंबट कालवण, परड्यात थोडी लवंगेची झाडं आणि घरासमोर पाण्यात बापाकडून आलेला खडकांचा पट्टा. त्या खडकांत लोला सापडतात, जाड पाठीचे शंख. परदेशात त्यांची बटणं करतात. दोर्कास श्वास रोखून तळाशी जायची आणि पोटापुरते काढून आणायची. जास्त का आणत नाहीस म्हटलं, तर म्हणायची, "दोनच हात दिलेत देवानं. तो काय मोजायला चुकला का?"

पुढे शंख बारीक यायला लागले, तेव्हा तिनं पट्ट्यावर सासी, म्हणजे देवाच्या नावाची बंदी, लावून घेतली. रविवारी देवळात तिच्या नावानं प्रार्थना झाली, पाळकबाबांनी काठावर नारळाची झावळी बांधली. एकदा असं देवाच्या हवाली केलं, की पाळकांनी पुन्हा प्रार्थना करून सोडवेपर्यंत मालकीणसुद्धा तिथं हात घालत नाही. घातला तर माणूस अंग सुजून मरतो म्हणतात. तीन वर्षांनी, ईस्टर झाल्यावर सोडवायचं ठरलं होतं.

तिसऱ्या वर्षी तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. आधी सुईत दोरा जाईना, मग वाटेत माझ्याऐवजी ती केळीच्या झाडाशी बोलायला लागली. आम्ही दोघी हसलो. आता ते हसणं आठवलं की माझा मलाच राग येतो.

शंख विकत घेणारा रुदी आंबोन शहरातून बोटीनं यायचा. एकदा तो तिच्या ओसरीवर चहा पीत बसला होता, मी खोबरं किसत होते.

"उसी, डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्या," थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं तो म्हणाला. "दवाखाना, बोट, राहणं, सगळं माझ्याकडे लागलं. वर छपराला नवे पत्रे. होडीला मोटर."

"आणि मी काय द्यायचं? पापेदा?"

"रविवारी अख्खं गाव देवळात असतं. एक रविवार तुम्ही आजारी पडा. तुम्हाला त्या पाण्यात डोळे लागतात थोडेच? नुसत्या हातांनी शंख काढाल."

दोर्कासला मोह झाला नाही असं मी म्हणणार नाही. तिनं वर छपराकडे पाहिलं, तिथं तिला काही दिसत नव्हतं तरी.

"रुदी, बाळा," ती म्हणाली, "गाव देवळात असतं हे खरं. पण ज्याच्यासाठी जातं तो कुठं असतो, ते तुला ठाऊक आहे का?"

रुदी हसला, चहा संपवून गेला. चोर होता की काय होता ते असो, तिच्या डोळ्यांची आठवण काढणारा गावात तो एकटाच निघाला.

"थोडंच राहिलंय ईस्टरला. शंख सुटले की त्या पैशात डोळे करू," ती मला म्हणाली. "देवानं सांभाळलंय आजवर. सांभाळेल."

ईस्टर आला. उपासना संपल्यावर देवळाचा पंच योब उठला. देवळाला घंटेचा मनोरा बांधायचा होता, आणि सुटलेल्या शंखांतला देवळाचा वाटा त्यात जायचा होता. आणखी एक वर्ष थांबलं तर शंख चांगले पोसतील, असं त्याचं म्हणणं. "आणि आपली उसी दोर्कास समाधानी," तो म्हणाला. "तिला वर्षाचं काय जड?"

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. मी तिला कोपरानं ढोसलं.

"प्रभूची इच्छा," दोर्कास म्हणाली.

घरी आल्यावर मी भांडले. "प्रभूची की योबची? पट्टा तुझा, डोळे तुझे! तोंड का नाही उघडलंस?"

"मागितलं की भरवसा कुठं राहिला, नोना?"

"बायबलातल्या त्या रस्त्याकडेच्या आंधळ्याला येशूनं विचारलं होतं, तुला काय हवंय म्हणून. त्यानं तोंडानं सांगितलं! गप्प बसून राहिला नव्हता."

"त्याला येशूनं विचारलं होतं," ती म्हणाली. "मला कोणी विचारलं?"

मी तरी देवळात उठून कुठं विचारलं होतं?

त्या वर्षात पाळकबाबांनी तिच्यावर प्रवचन दिलं, अल्पसंतोष म्हणजे काय ते समजावत. ती पहिल्या बाकावर होती. तिला हाताला धरून तिथं बसवावं लागलं होतं.

मग सासी सुटली. शंख रग्गड निघाले, दोर्कासलाही तिचा वाटा पुरेपूर मिळाला. कोणी लबाडी केली नाही, तेवढं खरं बोललं पाहिजे. मी तिला घेऊन आंबोनला गेले. डॉक्टरांनी डोळ्यांत उजेड टाकला आणि मलाच रागावले. मोतीबिंदू पिकून गेला, आत दाब वाढला, नस मेली. गेल्या वर्षी आणलं असतं तर दोन्ही डोळे वाचले असते. परतीच्या बोटीत ती मला एवढंच म्हणाली, "योबला सांगू नकोस. त्याला झोप लागणार नाही." मी आल्या आल्या सांगितलं. योब निवांत झोपतो.

मनोरा देवाला अर्पण करण्याच्या दिवशी तिला साक्ष द्यायला उभं केलं. गाण्याच्या साथीच्या बासऱ्या थांबल्या.

"देवाबद्दल माझी काही तक्रार नाही," दोर्कास म्हणाली. लोक आमेन म्हणाले. ती थांबली नाही. "तुमच्याबद्दल आहे. माझे डोळे जाताना तुम्ही सगळे बघत होतात."

पाळकबाबांनी हात केला तशा बासऱ्या सुरू झाल्या.

नाताळात मनोऱ्याला रंग दिला. पायथ्याशी निळ्या अक्षरांत काहीतरी लिहिलंय असं तिच्या कानावर आलं, म्हणून मी तिला तिथं नेलं. तिनं बोटं फिरवली, रंग गुळगुळीत होता.

"वाच."

"देवाबद्दल माझी काही तक्रार नाही. खाली तुझं नाव."

"एवढंच?"

"एवढंच."

"चल घरी," ती म्हणाली. "एवढं तर मला दिसत होतं तेव्हाही मी म्हणाले असते."