मास्तरांची सैल केलेली पँट

टेलर मास्तर एकदा नाही म्हणाले की नाहीच. हृदय कमजोर होऊन अंगात पाणी साठलं, इस्पितळातली खाट भोगून झाली आणि घरी येताच त्यांनी जाहीर केलं, "परत त्या खाटेवर जायचं नाही. मरेन तर शिलाई मशीनवर!"

"मरायची भाषा गिऱ्हाइकांसमोर नको," बायको म्हणाली. "शिवायला टाकलेले कपडे परत नेतील."

इस्पितळाने घरी एक वजनकाटा दिला होता. सकाळी त्यावर उभं राहिलं की आकडा आपोआप तिकडे सिस्टरला दिसायचा. पाणी साठू लागलं की वजन आधी वाढतं, धाप नंतर लागते. आकडा चढला की सिस्टरचा फोन ठरलेला. हे मास्तरांना पक्कं कळलं होतं, म्हणून तर त्यांनी काटा कापड बेतायच्या टेबलाला खेटून ठेवला होता. वर चढताना ते टेबलावर हळूच हात टेकत आणि आकडा जागचा हलत नसे.

सिस्टर तरीही अधूनमधून फोन करून विचारायची, "मास्तर, पँट कमरेत घट्ट होतेय का?"

"छे! अगदी मापात."

तेवढं खोटं नव्हतं. कंबर आवळली की मास्तर शिलाई उसवत, आतलं जास्तीचं कापड सोडत आणि पुन्हा टीप मारत. लोकांच्या सुटलेल्या पोटांसाठी जन्मभर हेच केलेलं, स्वतःसाठी करताना मनात काही आलंच नाही.

एका सकाळी बायकोने ती पँट इस्त्रीला घेतली. कमरेशी जुन्या टाक्यांची भोकं, शेजारी तशीच आणखी एक रांग. याच दुकानात काजं-बटणं करत तिचे केस पिकले होते, तिला सांगायला कोणी लागलं नाही. ती तरातरा बाहेर आली. मास्तर काट्यावरच होते.

"हात काढा टेबलावरून."

"अगं, तोल जातो."

"जाऊ दे. मी आहे."

मास्तरांनी हात काढला. आकडा भराभर चढला, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते एका मापाला घाबरले.

लगेच फोन आला. "मास्तर, एका रात्रीत एवढं?"

बायकोने फोन ओढून घेतला. "एका रात्रीत कुठलं! इतके दिवस थोडं वजन टेबल उचलत होतं."

"आत्ता आलात तर इंजेक्शनवर भागेल," सिस्टर म्हणाली. "अंगावर काढलंत तर खाट."

मास्तरांनी चपला शोधायला सुरुवात केली.

पाणी उतरलं तशी पँट कमरेवरून घसरू लागली. मास्तरांनी आधी काटा उचलून खोलीच्या मधोमध ठेवला. मग पँट उसवून जुन्या मापावर आणली आणि एकाही गिऱ्हाइकाच्या कपड्याला कधी केलं नव्हतं ते केलं. आतलं जास्तीचं कापड कात्रीने कापून टाकलं.

"अहो, पुन्हा घट्ट झाली म्हणजे?"

"तर तुला सांगेन," मास्तर म्हणाले.