केसाएवढी नळी घेऊन धुळ्याला

जळगावहून धुळ्याला जायचं तर मी आजही सकाळची एस.टी. सुचवेन, आणि शक्यतो हिवाळ्यात. एरंडोल, पारोळा, मग धुळे. आता रस्ता रुंद झालाय. मी सांगतेय तो प्रवास नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा. तेव्हा खड्डे मोजत जावं लागायचं आणि माझ्या मांडीवर कापूस भरलेला स्टीलचा गोल डबा होता.

मी जळगावच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते, सोबत पीएच.डी. चालू होती. मिश्रणातले पदार्थ वेगळे करणाऱ्या क्रोमॅटोग्राफीच्या यंत्रात पावडर ठासून भरलेली, पेन्सिलीएवढी जाड नळी असते आणि द्रावक बाटल्यांनी लागतं. मला तेच काम केसाएवढ्या काचेच्या पोकळ नळीत करायचं होतं. आत काही भरायचं नाही, फक्त भिंतीला पातळ थर द्यायचा. द्रव वाहताना एक पदार्थ त्या थराला जास्त चिकटतो, दुसरा कमी, म्हणून ते मागेपुढे बाहेर येतात. सगळं चमचाभर द्रावकात. हे जमलं असतं तर शेंगदाण्यातलं बुरशीचं विष आपल्याच गावातल्या कॉलेजात तपासता आलं असतं.

पण आधीच्या नळ्या तुंबल्या होत्या. मार्गदर्शक म्हणाले होते, "या सत्रात एक तरी आलेख दाखवा, नाहीतर विषय बदलू." चांगली जमलेली नळी एकच होती. तिच्यातून जाणाऱ्या चमकत्या पदार्थांचा इवलासा उजेड टिपणारं उपकरण धुळ्यात होतं, भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक नाना यांनी घरी जुळवलेलं.

एरंडोलला शेजारी एक पोक्त बाई बसल्या. "डबामा काय शे वं पोरी?"

"काचेची नळी आहे अक्का. केसाएवढी. धुळ्याला एका सरांना दाखवायला नेतेय."

त्यांनी आपली पिशवी पायाशी घेतली आणि मला सरकून जागा दिली. पुढे बैलगाडी आडवी आली, ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला आणि डबा खाली पडला.

पारोळ्याच्या स्टँडवर चहासाठी गाडी थांबली तेव्हा डबा उघडला. नळीचं वेटोळं मधोमध तुटलं होतं. समोरच जळगावची गाडी उभी होती. मी पर्स खांद्याला लावली.

"कथी चालनी?" अक्कांनी विचारलं.

"परत. तुटली नळी."

"बठ्ठी तुटनी का?"

"नाही. अर्धी धड आहे."

"मंग ती अर्धी तरी दखाडी ये ना त्यासले. आते धुळं काय दूर शे?"

जळगावची गाडी सुटली. मी चहा संपवला आणि पुन्हा अक्कांशेजारी जाऊन बसले.

धुळ्यात उतरलात तर शेवभाजी खा, पण सोबत ताक मागून घ्या. नानांकडे वहिनींनी तीच केली होती. मी ताट बाजूला ठेवून आधी डबा उघडला. नानांनी धड तुकडा भिंगाखाली धरला. "आखूड झाली, वाया नाही गेली. पदार्थांना वेगळं व्हायला वाट कमी मिळेल, एवढंच. लावून बघू."

वायूच्या दाबाने द्रव नळीत ढकलला. दोन चमकणाऱ्या रंगांचं मिश्रण सोडलं, खोलीत अंधार केला. उपकरणाला जोडलेल्या आलेखयंत्राचा कागद सरकत राहिला, त्यावरचं पेन सरळ रेघ ओढत राहिलं. नळी तुंबली असणार, असं मी मनात म्हणतच होते, तेवढ्यात पेन वर चढलं. मग उतरू लागलं. तळाला पोचायच्या आत पुन्हा चढलं.

"दुसरा आला," नाना हळूच म्हणाले. मला त्या दिवशी पहिल्यांदा भूक लागली आणि गार झालेली शेवभाजी मी दोनदा मागून घेतली.

परतीच्या गाडीत उभंच राहावं लागलं. घरी नवऱ्यापुढे कागद जमिनीवर पसरला.

"हे काय, दोन टेकड्या?"

"हो. पायथ्याला चिकटल्यात, पण दोन आहेत."

त्याने वाकून मधल्या खाचेवर बोट ठेवलं.

विषय बदलावा लागला नाही. शेंगदाण्यापर्यंत पोचायला मात्र पुढे बरीच वर्षं गेली, आणि तेही पूर्ण माझ्या हातून झालं नाही. माझ्या एका विद्यार्थिनीने ते नेलं. तिचा पहिला आलेख घेऊन ती घरी आली, तेव्हा त्यातल्या टेकड्या पायथ्यापर्यंत सुट्या होत्या.