चार जागांहून

अख्ख्या पुण्यात आमच्या हिच्या मामांइतका संशयी माणूस दुसरा नाही. अर्थात हे वाक्य मामांसमोर बोलायची सोय नाही. ते लगेच विचारतील, "जावईबापू, अख्खं पुणं तपासलंत, की शनिवार पेठेतली चार घरं?" जन्मभर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं, त्यातली एकच गोष्ट त्यांच्या हाडीमाशी खिळली: हाती आला तो नुसता नमुना; सगळा माल, म्हणजे त्यांच्या भाषेत समष्टी, निराळी निघू शकते. आमटीचं मीठ बघायचं तर आधी तळापासून ढवळून तीन ठिकाणांहून चमचे घेतात. शितावरून भाताची परीक्षा, असं कुणी म्हटलं की करपलेल्या तळावर व्याख्यान ऐकावं लागतं. मंडईत आंबेवाल्यानं पेटीतला वरचा आंबा दाखवला, तर यांचा हात कोपरापर्यंत खालच्या थरात. एकानं शांतपणे सांगितलं, "आजोबा, सगळे चोखूनच बघा. मी कोयी विकीन." मामांना टोमणा कळलाच नाही. म्हणाले, सगळे नकोत, पाच पुरेत.

हे आम्ही हसण्यावारी नेत होतो, तोवर गेल्या वर्षी हिच्या गळ्याशी गाठ आली. सुईनं थोडा भाग काढून तपासू, असं डॉक्टर म्हणाले. त्यात मामाही आमच्याबरोबर निघाले. मी रिक्षातच हात जोडले, आजच्या दिवस गप्प बसा. कसले बसतात! गाठ एवढी मोठी, मग सुई एकाच जागी का, असं त्यांनी डॉक्टरांना विचारलंच. डॉक्टर जरा वैतागले, पण शेवटी चार जागांहून घेतलं. हिला दुखलं, आणि मला मामांचा भयंकर राग आला.

पुढचे पाच दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. ही निवांत भाजी निवडायची आणि मी चोरून तिच्या गळ्याकडे बघायचो. रिपोर्ट आला, चारही ठिकाणी काही नाही. मी दवाखान्याच्या बाकावर बसून चक्क रडलो.

मामांनी मात्र कागद दोनदा वाचला. आता नवी शंका काढणार, म्हणून मी धास्तावलो.

"हिच्या मामीची गाठ एकाच जागी तपासली होती, जावईबापू," ते हळूच म्हणाले. "रिपोर्ट असाच चांगला आला होता. आम्ही पेढे वाटले होते."

मग चष्मा काढून पुसत बसले. पुसून झाला तरी घालेनात. हिनेच पुढे होऊन त्यांच्या नाकावर ठेवला.