सावलीतला निळा

त्यांना सगळे पाणीमास्तर म्हणत, कारण पहिले सहा महिने ते कुणाला रंगाच्या नळीला हात लावू देत नसत. नुसतं पाणी, ब्रश आणि कागद. कागद किती पाणी पितो, कधी वाळतो, हे कळण्याआधी जो रंग मागेल त्याची ते अशी फिरकी घेत, की तो महिनाभर तोंड उघडत नसे. तरुणपणी त्यांनी छापखान्यात बियाण्यांच्या पाकिटांसाठी अकरा वर्षं भाज्या रंगवल्या. "सावली मला वांग्याने शिकवली," असं ते अभिमानाने सांगत. पुढे पाकिटांवर फोटो आले आणि मास्तर घरी आले. मग सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत त्यांनी जलरंगांचा वर्ग काढला. खरं सांगायचं तर स्वतःच्या चित्रापेक्षा त्यांचा जीव शिकवण्यातच जास्त रमे. कुणाचं आभाळ डाग न पडता कागदावर उतरलं, की हा माणूस सायकलवाल्याच्या हातातला पाना काढून घेऊन त्याला वर ओढून आणी, बघायला.

टेलरची मुलगी त्यांच्याकडे नऊ वर्षं शिकली. बोलायला अगदी कमी, पण दोन रंगांतून तिसरा काढताना तिचा हात कधी अडखळला नाही. "आपल्यामागे वर्ग हीच चालवणार," असं मास्तर बायकोला किती वेळा तरी म्हणाले होते.

पण शेवटच्या दोन वर्षांत तिचं काय बिनसलं कोण जाणे. तिच्या सावल्या मास्तरांना मातकट दिसू लागल्या. ते तिच्या हातून ब्रश घेत आणि चित्रावर निळ्याचा एक हात फिरवत. जलरंगात फिरवलेला हात परत घेता येत नाही. ती नुसती बघत राही. एकदा मात्र मास्तरांचा ब्रश तिच्या चित्रातल्या अर्ध्या भिंतीवर असताना ती हळूच म्हणाली, "सर, जरा जास्त निळं होतंय का?"

नाकावर माशी बसू न देणारे मास्तर भर वर्गात भडकले. "मला शिकवतेस? रंग कळायला डोळा लागतो. तो तुला नाही. उगाच कागद नासू नकोस."

तिने ब्रश धुतले, फडक्याने टिपले, त्यांची टोकं जुळवून ठेवली आणि ती गेली. पुन्हा आली नाही. बाकीच्यांनी ओठ शिवून घेतले. निळं तर निळं, असं म्हणत तेही एकेक करून पांगले.

वर्षभराने मास्तर जिन्याची पायरी चुकले, तेव्हा बायकोने त्यांना अक्षरशः ढकलत डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "मोतीबिंदू चांगलाच पिकलाय. गेली तीन-चार वर्षं सगळं पिवळट दिसत असेल. निळा तर तुमच्यापर्यंत धड पोचतच नसणार."

"मला?" मास्तर हसले. "माझा जन्म रंगात गेलाय, डॉक्टर."

दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. घरी आल्यावर त्यांनी आधी वर्गातल्या चित्रांचा गठ्ठा सोडला. माणसांची तोंडं, झाडं, कपातला चहा, सगळ्यावर शाई सांडल्यासारखा निळा. तळाशी तिचं ते अर्धवट चित्र होतं. डावीकडची भिंत मास्तरांची, मेलेली. उजवीकडची तिची. तिथे सावलीतसुद्धा ऊन होतं.

त्यांनी बायकोला हाक मारली.

"अहो, काय झालं?" बायको धावत आली.

"आंधळा मी होतो गं. आणि ठरवलं तिला."

ते चित्र काखेत मारून ते टेलरच्या दुकानात गेले. ती मशीनवर बसली होती. त्यांना बघून लगबगीने उठली, तिने खुर्ची पुसून दिली. मास्तर बसले नाहीत. त्यांनी चित्र तिच्यापुढे धरलं. "तुझं बरोबर होतं. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. चुकलो मी. परत ये, वर्ग तुझाच आहे."

तिने चित्राकडे बघितलंच नाही. "सर, माझं मन राखायला बोलताय तुम्ही."

"नाही गं, शपथेवर सांगतो!"

"दोन वर्षं रोज तुम्ही दुरुस्त करत होतात. आधी वाटायचं, मला दिसतंय तेच खरं. मग वाटायला लागलं, तुमचं खरं. आता मला खरंच काही कळत नाही, सर." ती रागाने बोलत नव्हती. रागावली असती तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

तेवढ्यात एका गिऱ्हाइकाने फळीवर कोट ठेवला. विटकरी, पण उन्हात वापरून एका बाजूने विटलेला. बाही उसवली होती. तिचा हात रिळांच्या खोक्यात गेला आणि पन्नास रिळांतून एक घेऊन वर आला. नेमकं तेच, विटलेल्या बाजूला जुळणारं.

तिने रीळ कोटावर धरलं. क्षणभर बघितलं. मग ते परत खोक्यात टाकलं आणि आतल्या खोलीकडे वळून हाक मारली, "बाबा, जरा येता का? याला कुठला दोरा लावू?"