तिसरं फडकं

“पोरगी बोलत नाय काय?” चाचांनी बॉनेटखालूनच बाबांना विचारलं.

“बोलते. इंग्रजीत,” बाबा म्हणाले.

“मग ह्या इंजिनासारखीच. ह्याला पण जर्मनच कळतं.”

मी चहाचे पेले पायरीवर ठेवले आणि सावलीत सरकले. इंग्रजी शाळा संपवून मी कुवेतमध्ये अबू हलीफाला आईबाबांकडे आले, त्याला वर्ष होत आलं होतं. मराठी मला सगळं कळे. बोलताना मात्र मी वाक्य आधी मनात जुळवत बसायची आणि तोवर लोक दुसऱ्या विषयावर गेलेले असत.

आदल्या दिवशी आमच्या जुन्या जर्मन डिझेल गाडीचा पाण्याचा पंप गेला होता. इंजिन तापून गाडी रस्त्यातच थांबली होती. बाबांना मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत शनिवारी सकाळी नव्या कामावर हजर व्हायचं होतं. पहिल्याच दिवशी आला नाहीत तर जागा दुसऱ्याला जाईल, असं त्यांना स्पष्ट सांगितलेलं होतं. म्हणून गाड्या दुरुस्त करणारे चाचा शुक्रवारची नमाज आटोपून थेट आमच्या दारात आले होते.

चाचांची उमेदीची वर्षं लाँचच्या इंजिनांवर गेली होती. ते घाई करत नसत. पंपाचे बोल्ट सगळे सारख्या लांबीचे नव्हते. प्रत्येक बोल्ट काढला की ते एका पुठ्ठ्यावर, तो ज्या जागचा त्याच जागी, टोचून ठेवत. पंप आणि इंजिन यांच्यामध्ये बसणाऱ्या कागदी गॅस्केटसाठी त्यांना कात्री लागली नाही. नव्या पंपाच्या तोंडावर जाड कागद धरून ते लहान हातोडीनं कडेकडेनं टिचक्या मारत गेले आणि कागद नेमका त्या आकाराचा कापला गेला. माझ्या शाळेत भूमितीच्या बाईंनाही इतकी स्वच्छ आकृती काढता आली नसती.

त्यांच्याकडे तीन फडकी होती. एक खांद्यावर, एक गुडघ्याखाली. तिसरं त्यांनी पंप काढल्यावर इंजिनाला पडलेल्या भोकात कोंबलं आणि मग जुना कागद खरवडायला घेतला.

“कचरा आत पडला की पाण्याची वाट बंद,” ते बाबांना म्हणाले. “मग नवा पंप असून काय उपयोग?”

बाबांनी तेवढ्यात गाव विचारलं.

“अंजनवेल.”

“काय सांगता. मी गुहागरचा.”

चाचा पहिल्यांदाच बॉनेटबाहेर आले. “गुहागरचे? समुद्राकाठी राहून तुम्हा लोकांना पोहता येत नाय.”

“आणि तुम्ही होडीत बसलात की उतरायचं विसरता. थेट कुवेतला येता.”

दोघं हसले. मग दाभोळची खाडी निघाली, दोघांच्याही ओळखीचा होडीवरचा एक तांडेल निघाला, मोरी मासा कोणाच्या घरी नीट शिजतो यावर वाद झाला. मी पेले आत ठेवून आले तरी वाद चालूच होता. बोलता बोलता चाचांनी कागद चिकटवला, नवा पंप उचलून जागेवर बसवला आणि ते पुठ्ठ्यावरचा पहिला बोल्ट बोटांनी फिरवायला लागले.

खांद्यावरचं फडकं खांद्यावर होतं. गुडघ्याखालचं वाळूत पडलं होतं. मी हत्यारांची पेटी पाहिली, मडगार्ड पाहिलं, गाडीखाली वाकून पाहिलं. तिसरं कुठेच नव्हतं.

मी आत गेले तेव्हा त्यांनी ते काढून खिशात घातलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. असे हात विसरतील कसे? आणि माझी चूक निघाली तर एवढ्या कसबी माणसाला, बाबांच्या गाववाल्याला, मी वर तोंड करून शिकवल्यासारखं होणार होतं.

दुसरा बोल्ट लागला. चाचांनी कपाळाचा घाम पुसायला दोन्ही खिसे चाचपले. खिसे रिकामे होते. त्यांनी मनगटानंच घाम पुसला आणि तिसरा बोल्ट उचलला.

मला उद्या सकाळचा रिफायनरीचा रस्ता दिसला, दोन्हीकडे नुसती वाळू आणि मध्ये बाबा बॉनेट उघडून उभे. वाक्य अजून जुळलं नव्हतं.

“चाचा, थांबा,” मी म्हणाले. “तिसरं फडकं आतच राहिलंय.”